चौथ्या माणसाचं तिकीट

पेठ वडगाव,
मंगळवार, २२ जानेवारी २००२

अक्का,

जय जिनेंद्र. परवा गोव्याहून आलो, पण माझं अंग अजून हलतंय. चुलीपुढं उभी राहिले की जमीन खालीवर होते.

तुमचा डबा मिळाला. तिळाच्या पोळ्या आमच्या ऐश्वर्यानंच निम्म्या संपवल्या. रिकामा डबा परत पाठवायचा नाही ही आपल्या घरची रीत, म्हणून त्यात तिकडचे काजू घातलेत आणि वर हे पत्र. भावजी मंगळवारी इकडच्या दुकानात येतात, त्यांच्याबरोबरच देते. फोन केला असता, पण आमचा फोन दुकानात. मी नुसतं ‘अक्का’ म्हटलं तरी पाईप घ्यायला आलेली चार गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत बसतात.

तुम्ही हव्या होतात. पंपाच्या कंपनीनं आपल्या दुकानाला चार माणसांची सहल दिली ती दोघे भाऊ आणि दोघी जावा धरूनच. पण तुमचं दिग्व्रत, दिशांना हद्द घालायचं. पश्चिमेला घाट उतरणार नाही, अनंत चतुर्दशीपर्यंत. व्रतापुढं कोण काय बोलणार? तिघंच गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या दिवसाची बोट होती. रिसॉर्टच्या वाळूतनंच सुटते. आधी समुद्रातून किल्ला आणि दीपगृह दाखवतात, मग डॉल्फिन. डॉल्फिन म्हणजे नुसती पाठ दिसते, तेवढ्यात सगळी बोट ओरडते. मग एका खडकाळ बेटाच्या आडोशाला थांबवून पाण्यात उतरवतात. कागदावर त्याला स्नॉर्कलिंग म्हटलंय. डोळ्यांवर, नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात एक वाकडी नळी, अंगात केशरी जाकीट, आणि पालथं पडून तोंड पाण्यात घालायचं. माणूस बुडत नाही.

अक्का, खाली वेगळंच गाव आहे. उसाच्या फडात वारं शिरलं की सगळा पाला एका अंगाला झुकतो ना, तसे शेकडो मासे एकदम वळतात. कुणी कुणाला सांगत नाही, तरी सगळे एकदम. पिवळ्याधमक अंगावर काळे पट्टे. आपण हात हलवला नाही तर ते बोटापर्यंत येतात. त्यांना आपली भीतीच वाटत नाही. आणि शांतता कशी, तर सकाळी सामायिकाच्या ध्यानाला बसल्यावर घरात असते तशी. नुसता आपला श्वास ऐकू येतो. मी तर वर यायलाच तयार नव्हते.

एक राहिलं. चौथ्या माणसाचं बोटीचं तिकीट वापरलंच गेलं नाही. तिथल्या माणसानं मागं शिक्का मारून दिलाय, ३१ मेपर्यंत चालेल, त्यानंतर पावसाळ्यात बोटी बंद. नाव कुणाचं घातलेलं नाही. डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवलंय. तुमचं आहे ते, तुमच्याकडंच राहू दे.

तुमची,
राजमती


कोल्हापूर, शुक्रवार पेठ,
२५ जानेवारी २००२

राजमतीस आशीर्वाद.

काजू मिळाले. आमच्याकडं दोघांना एवढे काजू काय करायचे? देवळात आलेल्या पोरांना वाटले.

पत्र वाचलं. समुद्राखाली वेगळंच गाव असतं हे मला कळलं. मी इथं रोज पहाटे आडाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळते आणि फडक्यावरचे जीव पुन्हा आडात सोडते, ते फडकं किती वेळा पिळायचं याचासुद्धा नेम आहे. तू अख्ख्या समुद्रात तोंड घातलंस, ते पाणी कुणी गाळलं होतं? आणि ती नळी. तुझ्या आधी ती कुणाकुणाच्या तोंडात होती? त्यांनी आदल्या रात्री काय खाल्लं होतं? मी डोळ्यांपुढं आणलं आणि मला दुपारचं जेवण गेलं नाही. चातुर्मासात दहा उपवास करून मिरवलेली बाई, चार महिन्यांत परक्या माणसांची उष्टी नळी चोखते. असो. ज्याचं त्याच्यापाशी.

सूर्यास्ताआधी जेवलात का? ह्यांना विचारलं तर म्हणाले, “जेवलो की.” काय जेवला, तर “जेवण.” गोव्याला काय होतं, तर “समुद्र होता.” एवढंच. तीन दिवस गेलेला माणूस असं बोलतो जणू हुपरीला जाऊन आला. बरोबर तोंडावर कपाळापासून ओठापर्यंत गोल लाल वळ घेऊन आलेत. म्हणाले, गाडीत पुढच्या शिटावर तोंड टेकून झोप लागली. मी तीन दिवस चंदन आणि हळद लावतेय. बनियन धुताना उडालेलं पाणी ओठाला खारट लागलं. म्हटलं, मेल्या उन्हात किती घाम गाळला असेल माझ्या माणसानं आणि ही बया मासे बघत होती.

मी त्यांना सांगून ठेवलंय, या घरात गोव्याचं नाव काढायचं नाही. व्रतातल्या माणसापुढं सोडलेल्या दिशेचं वर्णन करणं हासुद्धा दोषच. तुलाही तेच सांगते.

तिकीट परत पाठवणार होते, पण ते झाकणाला इतकं घट्ट चिकटवलंयस की काढताना फाटेल. म्हणून राहिलं. त्याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

डब्यात शेंगांची चटणी आहे.

त्रिशला

ता. क. त्या माशांच्या अंगावरचे पट्टे उभे की आडवे? सहज विचारलं.


पेठ वडगाव,
५ फेब्रुवारी २००२

अक्का,

जय जिनेंद्र.

पट्टे उभे. आता बाकीच्याचं उत्तर देते.

तुम्ही मोठ्या आहात म्हणून चौदा वर्षं ऐकलं. माझ्या पोळीला पदर सुटत नाहीत, ऐकलं. माझ्या माहेरी गारगोटीला कापडदुकानात बसून बायका गिऱ्हाइकांशी बोलतात, तेही ऐकलं. पण माझ्या उपवासांना हात लावायचा नाही. दहा दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढले होते मी. मिरवणूक मी मागितली नव्हती, समाजानं काढली. गाडीत बसवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती आणि मी तुम्हाला शोधत होते, हात धरायला. तुम्ही कुठं होतात? तुम्ही आर्यिका माताजींपुढं उभ्या होतात, खणखणीत आवाजात, “मला दिग्व्रत द्या.” सगळा मंडप माझ्याकडून तुमच्याकडं वळला.

आणि हद्दी काय सांगितल्या, ते मी विसरले नाही. पूर्वेला शिखरजीपर्यंत. दक्षिणेला श्रवणबेळगोळपर्यंत. उत्तरेला गिरनारपर्यंत. गिरनार उत्तरेत बसतं का हो? ते तुम्ही बसवलंत. जिथं जिथं जायचं मनात होतं ते सगळं हद्दीच्या आत. सोडलं काय, तर पश्चिमेचा घाट, जिथं आपलं एक तीर्थ नाही आणि तुम्हाला जन्मात कधी जायचं नव्हतं. लोकांनी ‘धन्य धन्य’ म्हटलं. मी म्हटलं, अक्कांनी फुटकं पातेलं दान केलं.

आता कंपनीनं त्याच दिशेला नेलं, त्याला मी काय करू? चोर सोडून माझ्यावर का राग? आणि हो, नळ्या त्यांनी आमच्यासमोर औषधाच्या पाण्यात धुतल्या. खात्री करायची असेल तर भावजींना विचारा. तेच दीड तास पाण्यातनं वर यायला तयार नव्हते, बोटवाला शिट्ट्या मारून दमला.

तुमच्या हळदीनं वळ गेला असेल, तर बरं झालं.

राजमती


कोल्हापूर,
७ फेब्रुवारी २००२

राजमती,

म्हणजे हे पाण्यात उतरले होते.

तो वळ मुखवट्याचा होता आणि मी त्यावर चंदन उगाळत होते. ते गप बसून लावून घेत होते. आणि तुला वडगावात बसून सगळं ठाऊक.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. लग्न झालं तेव्हा कोडोलीच्या मळ्यातल्या विहिरीत हे रोज पोहायचे. मी पहिल्याच वर्षी म्हटलं, अनगाळ पाण्यात हातपाय मारायचे म्हणजे किती जिवांना धक्का. त्यांनी त्या दिवसापासून सोडलं. एक शब्द न बोलता. अठ्ठावीस वर्षं ते पंचगंगेच्या घाटावरसुद्धा पायरीवरनंच परत येतात. मी चार बायकांत सांगायची, आमच्या ह्यांनी माझ्या एका शब्दावर पोहणं सोडलं.

ते त्यांनी तुझ्यादेखत मोडलं. मोडलं त्याचं मला एवढं नाही. तुझ्यादेखत.

आता मला कळतंय, तुम्ही दोघं पाण्यात शेजारी शेजारी पालथे पडून मासे दाखवत होता एकमेकांना. वर आल्यावर बोलला असाल. माझ्याशी हा माणूस दिवसात वीस शब्द बोलतो, त्यातले दहा ‘वाढ’ आणि ‘पुरे’. मला म्हणे, “समुद्र होता.”

मी ह्यांना काही विचारलेलं नाही. विचारणारही नाही. इतके दिवस लपवलं, आता लपवत बसू देत.

डबा रिकामाच पाठवतेय.

त्रिशला


पेठ वडगाव,
मंगळवार, २६ मार्च २००२

अक्का,

दीड महिना झाला. भावजी मंगळवारी येतात, हात मोकळे. मी टेम्पोकडं बघते, ते नजर चुकवतात. मागच्या मंगळवारी मी विचारलंच, “अक्का बऱ्या हायती नव्हं?” तर म्हणाले, “बरी हाय. बोलत न्हाय एवढंच.” मग पायपाच्या गठ्ठ्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. ते बघून मी लिहायला बसलेय. आता जे लिहिते ते खरं आहे, मागचं सगळं खरं नव्हतं.

मी पाण्यात उतरले नाही.

बोट बेटाशी थांबली आणि हलायला लागली तशी मला उलटी झाली. एकदा नाही, चारदा. ह्यांनी, म्हणजे तुमच्या धनपालनं, मुखवटा बांधला, दोन मिनिटांत खारं पाणी नाकात गेलं म्हणून काढला, आणि माझ्या शेजारी आडवे झाले. मी कठड्याची दोरी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून णमोकार म्हणत होते. ती बोट, तो समुद्र, मी काही बघितलं नाही. किल्ला आणि डॉल्फिनची पाठ तेवढी बघितली, तीही जाताना.

भावजी उतरणार नव्हते. बाकड्याच्या टोकाला बसून नुसते वाकून बघत होते. मग बोटवाल्याला विचारलं, “हात-पाय हलवलं न्हाईत तर चालंल काय?” तो म्हणाला, हलवायला लागतच नाहीत, जाकीट तरंगवतं. तेवढं ऐकल्यावर उतरले. अक्का, ते पोहले नाहीत. पानासारखे पडून राहिले. कुणाला धक्का लागू नये म्हणून. तुमचा शब्द त्यांनी पाण्यातसुद्धा मोडला नाही.

आणि मग वर येऊन कठड्याला धरून मला सांगायचे, “राजमती, ऐक.” पुन्हा खाली. पुन्हा वर, “आणि ऐक.” मी म्हटलं, “भावजी, माझा जीव चाललाय, अक्कांना सांगा घरी जाऊन.” तर म्हणाले, “माझ्या तोंडातनं ती ऐकून घेणार न्हाय. गोव्याला निघतो म्हटल्यापास्नं तोंड फिरवून बसलीया. तुझं पत्र ती तीनदा वाचती. तू लिव्ह की.”

ते मी लिहिलं. पहिल्या पत्रातलं माशांचं, फडाचं, शांततेचं सगळं त्यांचं आहे. माझं त्यात एकच वाक्य, ‘मी तर वर यायलाच तयार नव्हते.’ ते खोटं होतं. ते का लिहिलं तेही सांगते. चौदा वर्षांत या घरात जे काही आहे ते आधी तुमचं, मग माझं. देव्हारा तुमचा, मान तुमचा, उपवास मी करायचे आणि मंडप तुमचा. एकदा तरी असं काही हवं होतं जे माझ्याकडं आहे आणि तुमच्याकडं नाही. तर तेही उसनं निघालं.

अजून एक. बोटीत आपल्याला चार जागा होत्या. एक नवं लग्न झालेलं पोर सावलीतली जागा बघून चौथ्या जागेवर बसायला आलं. भावजींनी तुम्ही गाळून दिलेल्या पाण्याचा कॅन उचलला, त्या जागेवर ठेवला आणि म्हणाले, “पावणं, ही जागा भरलीया.” परत येईपर्यंत तो कॅन तिथंच होता. मला उलटीनंतर घोटभर पाणी दिलं ते त्यातलंच, आणि पुन्हा तिथंच नेऊन ठेवला.

डब्यात काही घालायला जीव झाला नाही. रिकामा पाठवला तर रीत मोडते, म्हणून मूठभर साखर घातली.

राजमती


कोल्हापूर,
१२ मे २००२

राजमतीस,

तुझं पत्र आलं त्यालाही दीड महिना झाला. उशीर केला कारण हातून काय लिहिलं जाईल याचा मला भरवसा नव्हता.

आधी पहिलं पत्र काढलं आणि परत वाचलं. मी किती आंधळी. उसाच्या फडात तू कधी पाय टाकलास? तुझं माहेर गारगोटीच्या पेठेतलं. आणि सामायिकाच्या वेळची शांतता! तुझ्या घरी त्या वेळी टीव्ही चालू असतो, मी स्वतः ऐकलाय. शांतता इथं असते. मी आत पाटावर बसलेली असते आणि हे बाहेर सोप्यात पेपरसुद्धा उलटत नाहीत, पान वाजेल म्हणून. मला वाटायचं त्यांना डुलकी लागते.

त्या दिवशी रात्रीचं आवरल्यावर मी नुसतं म्हटलं, “उभे पट्टे म्हणे.” हे बघतच राहिले. मी म्हटलं, “गोव्याचं नाव काढलं तरी चालंल.” तर माणूस बोलायला लागला, राजमती. दोन दिवस बोलत होता. एक चपटा मासा वाळूत अंग पुरून फक्त डोळे वर ठेवतो, हे तुला सांगितलं होतं का? मला सांगितलं. तुझ्या पत्रात नव्हतं, म्हणून मला फार बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण तू खरं लिहिलंस तर मीही लिहिते.

शेवटी म्हणाले, “तिकीट हाय नव्हं? चल की. दोन दिवसात जाऊन येऊ. दोष लागला तर प्रायश्चित्त घे.”

मी पिशवी भरली. खरंच भरली. दोन लुगडी, गाळण्याचं फडकं, सुंठ. प्रायश्चित्त काय, चार उपवास. चार उपवास मला जड नाहीत, तुला माहीत आहे. रात्रभर पिशवी खुंटीला होती.

तू म्हणालीस ते खरं आहे. पश्चिम मला नको होती म्हणून सोडली. नको असलेलं सोडून मंडप जिंकला. गिरनार मी मुद्दाम उत्तरेत धरलं. तेव्हा त्या व्रताला मला काहीच लागलं नव्हतं. आता कुठं लागतंय. जानेवारीपासून रोज लागतंय. तू गेलीस, हे गेले, मी गेले नाही, याचा हेवा पाणी गाळताना, भाकरी थापताना, देवळात माळ ओढतानासुद्धा माझ्याबरोबर होता. आता घाट उतरले तर मी त्या दिवशी खरंच काही सोडलं नव्हतं, असंच होईल. सकाळी पिशवी उतरवली. ह्यांनी पिशवीतली सुंठ तेवढी काढून माझ्या हातात दिली, जागेवर ठेवायला.

तिकीट झाकणाला गरम पाण्याची वाफ देऊन सोडवलंय. कोपरा थोडा गेला, शिक्का शाबूत आहे. ते तुला पाठवतेय. नाव कुणाचं घातलेलं नाही, असं तूच लिहिलं होतंस.

धनपालला घेऊन जा. वाळूत बसू दे त्याला. बोटीत बसण्याआधी पोट भरून खाऊ नकोस. डब्यात सुंठ आहे, तुकडा दाढेखाली धर. नळी त्यांनी धुतली तरी तू पुन्हा धू, कॅनमधलं पाणी घे. हात हलवू नकोस.

तू जाणार आणि मी इथं बसणार, याचा मला आजही हेवा वाटतो. पुण्य म्हणून देत नाही हे, तसं समजू नकोस. पण यावेळी बघशील ते स्वतः बघ. कुणाचं ऐकून लिहिलंस तर मी ओळखेन.

तुझी अक्का,
त्रिशला


पेठ वडगाव,
मंगळवार, २८ मे २००२

अक्का,

जय जिनेंद्र.

उतरले.

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाव तास उभी होते. बोटवाला म्हणाला, “ताई, उतरा नायतर वर या, शिडी एकच आहे.” मागं पाच जण खोळंबले होते. मी दाढेखालची सुंठ चावली, तुमच्या नावानं डोळे मिटले आणि तोंड पाण्यात घातलं. पहिल्यांदा नळीतून श्वास घेतला तो एवढ्या मोठ्यानं की मीच दचकले. एका हातानं दोरी धरली होती. शेवटपर्यंत सोडली नाही. ते लपवत नाही.

भावजींना फड दिसला, मला कापडदुकान दिसलं. मी काय करू, तेच माझ्या डोळ्यांत भरलेलं. खाली ऊन पाण्यातून असं पडतं की कुणी हिरव्या रेशमाचा तागा गिऱ्हाइकापुढं उलगडत नेलाय आणि तो संपतच नाही. एक निळा मासा, त्याच्या शेपटीला इरकली लुगड्यासारखा तांबडा काठ. बाबा असते तर म्हणाले असते, हा रंग धुतल्यावर जाणार नाही. पट्टेवालेही आले. पट्टे उभेच.

पण तुम्हाला सांगायचं ते दुसरंच आहे. माझ्या काचेपुढून एक जीव गेला. नखाएवढा. रंग नाही, काही नाही, नुसतं पाणीच थोडं घट्ट झाल्यासारखं. ऊन पडलं तेव्हा आतलं दिसलं. एक ठिपका होता आणि तो मिटत होता, उघडत होता. त्याचं काळीज असेल. मी श्वास धरला, माझ्या श्वासानं तो हलेल म्हणून. तेव्हा तुम्ही आठवलात, पहाटे आडावर वाकून फडकं उलटं धरून पाणी सोडताना. चौदा वर्षं मी मनात म्हणत आले, या फडक्यावर असतं काय, काही दिसत तर नाही. अक्का, असतं. तुम्ही रोज ज्यांना परत सोडता ते मी बघितले. तुम्ही कधी बघितलेले नाहीत, तरी सोडता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वाळूत आले तेव्हा आमचे हे विचारत होते, मी म्हटलं, “थांबा.” घरी ऐश्वर्यानं विचारलं, तिलाही थांब म्हटलं. आता भावजी टेम्पोपाशी उभे आहेत. डबा मागताना त्यांनी तीनदा विचारलं, “काय काय बघितलंस, सांग की.” चपटा मासा दिसला का, तोसुद्धा विचारून झाला.

मी म्हटलं, “डब्यात हाय. अक्का वाचून दाखवतील.”

राजमती